मोटर बघून येऊ

मी एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. एखाद्या मुलाने निबंधात अमावास्येला विहिरीवर काहीतरी पांढरं पाहिल्याचं लिहिलं, तर मी समासात लाल शाईने विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस की कुणी सांगितलं?" — आणि दोन मार्क कापायचे. त्यामुळे या सदरात माझं नाव बघून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत. मी हे मुळात माझ्या नातवंडांसाठी लिहिते आहे. ईशान आणि रेवा कॅनडात असतात. असल्या गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत, आवाज मध्येच अडकतो... कधी नेटमुळे, कधी माझ्यामुळे. छापून आलं की त्यांचा बाबा त्यांना वाचून दाखवेल. त्यातली एक गोष्ट त्यालाही माहीत नाही. ती त्याला वाचता वाचताच कळेल, आणि तो चिडेल.

आधी जागा नीट सांगते. आमचं घर शनिशिंगणापुरात, देवळाच्या गर्दीपासून लांब, मळ्याच्या तोंडाशी. तीन खोल्या, वर स्लॅब, तोंड पूर्वेला. चौकट आहे, दार नाही. आमच्या गावात घरांना दारं न लावायची रीत आहे हे बहुतेकांना माहीत असेल. ईशान चार वर्षांचा असताना पहिल्यांदा आला, तेव्हा चौकटीला हात लावून म्हणाला होता, "आजी, तुझं दार कुणी नेलं?" दिवसा पडदा असतो. रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून चौकटीला एक फळकूट टेकवतो. ते तुमच्या आजोबांनी जुन्या बैलगाडीच्या फळ्या जोडून केलेलं. जवळजवळ चौकटीएवढं उंच आणि चांगलंच जड. कुत्र्याने ढोसलं तर सरकू नये म्हणून आतून त्याला खाली एक वीट लावायची. एवढाच आमचा बंदोबस्त.

आता पाय. तुमचा बाबा पोटात होता तेव्हा हे सुरू झालं. दिवसभर काही नाही. रात्री अंग टेकलं की पोटऱ्यांच्या आतून ओढ सुरू व्हायची. दुखणं म्हणावं तर दुखत नाही, मुंग्या म्हणाव्या तर त्या कातडीला येतात, हे हाडाच्या जवळ. पाय हलवले की थांबतं, ठेवले की पुन्हा. उठून चालल्याशिवाय सुटका नाही. आता त्याला डॉक्टरी नाव आहे. तेव्हा सासूबाई एवढंच म्हणायच्या, "सुनंच्या पायाला भिंगरी हाय." नवीन सून रात्री दीड वाजता अंगणात येरझाऱ्या घालते हे काही बरं दिसत नव्हतं.

तुमचे आजोबा यावर काहीच बोलले नाहीत. विहिरीवरच्या मोटरीला तेव्हाही एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. मी उठले की तेही उठायचे. फळकूट उचलून दाराच्या डाव्या अंगाला शिलाई मशीनला टेकवायचे आणि वीट खिडकीत ठेवायचे, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. मग म्हणायचे, "चल गं, मोटर बघून येऊ."

एकदा मी म्हटलं, "अहो, या आठवड्यात लाईट दिवसाची आहे. मोटर बंद आहे."

"बंद हाय का, तेच बघायचं हाय."

विहीर उसाच्या कडेने पाच-सात मिनिटांवर. जायचं, मोटरीच्या पेटीला हात लावायचा, यायचं. तोवर पाय निवलेले असत. असं बेचाळीस वर्षं चाललं. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. मला काही आजार आहे असं या माणसाने मला एकदाही वाटू दिलं नाही. शेतकऱ्याची बायको नवऱ्याबरोबर मोटर बघायला निघाली आहे, यात कुणाला काय बोलायला जागा?

दोन वर्षांपूर्वी थंडीत ते गेले. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली आणि नगरला पोचेपर्यंत संपलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला अजून सवय नाही.) तुम्ही आलात, बारा दिवस राहिलात, गेलात. मग पायांनी जोर धरला. एकटीने रात्री बाहेर पडायचं धाडस नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी ते चौकट अकरा पावलं, तिथेच चालायचे. माझ्या सवयीप्रमाणे वही घातली — तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, रात्री काय खाल्लं.

त्या वहीत उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक ओळ आहे : "१.४०. फळकूट काढलेलं. लावायला विसरले?"

पायांनी जाग आली होती. उठून बसले तर बाहेरचं चांदणं आत फरशीवर. फळकूट डाव्या अंगाला मशीनला टेकलेलं. वीट खिडकीत.

मी विसरले असेन असं धरून चालले. पण चार दिवसांनी पुन्हा तेच. आणि पुन्हा. ज्या रात्री पाय शांत, त्या रात्री फळकूट जागच्या जागी. ज्या रात्री पाय ओढायला लागत, त्या रात्री जाग येईपर्यंत ते काढलेलं. मग मी रोज रात्री लावल्यावर मोबाईलवर फोटो काढू लागले, विटेभोवती खडूने रेघ मारली. फोटोत फळकूट चौकटीला, जाग आल्यावर मशीनला. विसरण्याचा मुद्दा निकाली निघाला.

झोपेत मीच काढत असेन, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण माझा उजवा खांदा तीन वर्षं धरलेला आहे. फळकूट मला उचलता येत नाही, मी ते घासत उजवीकडे नेते. फरशीवर त्याचा पांढरा ओरखडा आहे. डावीकडे एकही ओरखडा नाही. तरी झोपेत माणूस काय काय करतो हे मला ठाऊक नाही, म्हणून ती शक्यता मी वहीत खोडलेली नाही.

शेजारच्या कौसल्येला सांगितलं. ती माझ्याच वयाची, माझ्याच बरोबर या गल्लीत सून म्हणून आलेली. सगळं गाव मला 'बाई' म्हणतं तशी तीही म्हणते. तिने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"लई मया हुती भाऊजींची," ती म्हणाली. "न्हेतील बरं का तुमाला एक दिवस."

"न्यायचं असतं तर मोटरीपर्यंतच कशाला नेतील, कौसल्या?"

"मंग पाटीपेन्शील घेऊन इचारा की त्यास्नी. तुमाला तर समद्याचं उत्तर लागतंय."

पण साक्षीला म्हणून ती चार रात्री माझ्याकडे झोपायला आली. तिने अंथरूण मुद्दाम चौकटीसमोर आडवं घातलं. तिसऱ्या रात्री एक वाजून वीस मिनिटांनी मला जाग आली. फळकूट डावीकडे. कौसल्या अंथरुणावर उठून बसलेली, खिडकीतल्या विटेकडे बघत.

"तू काढलंस?"

"मी न्हाई. वाऱ्यानं जाग आली तवा असंच हुतं." मग म्हणाली, "जावा तुमी. मी बघते घर."

त्या रात्री मी पहिल्यांदा बाहेर पडले. त्यानंतर नेहमीच. विहिरीपर्यंत जायचं, पेटीला हात लावायचा, यायचं. मला कुणी दिसलं नाही. मागे पावलं वाजली नाहीत, बिडीचा वास आला नाही. तसं काही झालं असतं तर ही गोष्ट रंगली असती, पण झालं नाही. एवढंच की मी बोलायचे. रेवाचा पुढचा दात पडला, ईशान बर्फात घसरून हात मोडून बसला, उसाला तोड मिळाली नाही अजून... दिवसभर मनात साठवून ठेवायचे, काय काय सांगायचं ते. येताना पाय अगदी हलके व्हायचे. तेव्हा मी सुखी होते का? विधवा बाईने असं लिहू नये, पण होते.

दिवाळीनंतर तुमच्या बाबाने व्हिडिओ कॉलवर माझे डोळे पाहिले. "आई, तू झोपत नाहीस." पायांचं त्याला सांगावंच लागलं. फळकुटाचं तेव्हा नाही सांगितलं. त्याने तिथून नगरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. रक्त तपासलं तर अंगात लोहाचा साठा अगदी तळाला गेलेला. कधी कधी पायांचं कारण तेवढंच असतं म्हणाले. गोळ्या दिल्या — लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको, मध्येच बंद करू नका.

दीड-दोन महिन्यांत पाय थांबले. चाळीस वर्षांचं दुखणं एका लाल गोळीने गेलं. मी सलग सात-सात तास झोपू लागले. तोंडावर तजेला आला. रेवा फोनवर म्हणाली, "आजी, तू यंग दिसतेस." वहीची पानं कोरी राहू लागली.

आणि फळकूट रात्री जिथे लावलं तिथेच सकाळी असे. एकदाही हललं नाही.

आधी वाटलं, बरं झालं, सगळा मनाचा खेळ होता. रक्तात लोह नव्हतं म्हणून डोकं भलतंच दाखवत होतं. डॉक्टरांनीही हेच सांगितलं असतं. पण मग संक्रांतीला तुमच्या बाबाला नोकरीत बढती मिळाल्याचा फोन आला, आणि फोन ठेवल्याबरोबर माझ्या मनात आलं, आता हे कुणाला सांगायचं, आणि केव्हा?

आता ती गोष्ट लिहिते. मी गोळ्या बंद केल्या. जानेवारीच्या शेवटी. तुमचा बाबा दर रविवारी विचारायचा, "आई, गोळ्या चालू आहेत ना?" आणि मी हो म्हणायचे. कॉपी करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर काढणारी मी, दर रविवारी मुलाशी खोटं बोलत होते. स्ट्रिप दिसू नये म्हणून डाळीच्या डब्यात ठेवली होती.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी जेवून बसले असताना पोटरीत पहिली ओढ आली. मला आनंद झाला. मी केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसून झोपले.

दोनला जाग आली. पाय ओढत होते. फळकूट चौकटीला होतं, वीट त्याच्या मागे.

दुसऱ्या रात्री तेच. आठवडाभर तेच. मी दर तासाला उठून बघायचे. पुन्हा अकरा पावलं, इकडून तिकडे. झोप गेली, भूक गेली, स्लॅबवर जायच्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. एकदा चुलीपाशी भोवळ येऊन बसले, तेव्हा कौसल्येने हाताला धरून उठवलं आणि डाळीच्या डब्यात हात घातला. तिला सगळंच माहीत असतं.

"ह्ये काय हाय, बाई?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"न्हवऱ्यासाटी मरायचं का आता? शिकलेली मानसं तुमी. आमी अडानी बऱ्या."

त्याच रात्री मी उठले, वीट पायाने बाजूला केली, स्वतःच फळकूट घासत उजवीकडे नेलं आणि एकटी निघाले. रागातच होते. सगळा वेळ एक शब्द बोलले नाही. मोटर बंद होती. पेटीला हात लावला आणि म्हटलं, "बघितली मोटर." परत फिरले.

घराशी आले तर फळकूट चौकटीला लावलेलं.

मी ढकललं. सरकेना. मोबाईलचा टॉर्च लावून फळ्यांच्या फटीतून बघितलं. वीट आतून, तळाशी, नीट दाबून लावलेली. बाहेरून कुणाचाही हात तिथे पोचत नाही. घरात कुणी नव्हतं. मागच्या बाजूने वाट नाही, खिडक्यांना गज आहेत.

भीती वाटली नाही. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत हा माणूस मला कधी 'नको' म्हणाला नव्हता. मी चौकटीत उभी राहून म्हटलं, "अहो, मला आत तर येऊ द्या." काही झालं नाही. मग थोड्या वेळाने डाव्या खांद्याने जोर लावला, वीट फरशीवर कर्र करत मागे गेली, आणि मी आत आले. घर रिकामं होतं. अंथरूण मी टाकून गेले होते तसंच.

सकाळी कौसल्येला सांगितलं. ती म्हणाली, "पुरं म्हनत्यात भाऊजी. झोपा म्हनत्यात."

असेल. मला ठाऊक नाही. कुणा शेजाऱ्याने केलं म्हणावं तर तो आत उभा राहून वीट लावून बाहेर कसा आला? मीच केलं म्हणावं तर मी बाहेर होते. अंगात लोह नव्हतं, डोकं ताळ्यावर नव्हतं, हे सगळं धरूनही विटेचं उत्तर निघत नाही. वहीत त्या तारखेपुढे मी प्रश्नचिन्हसुद्धा घातलं नाही, फक्त काय झालं ते लिहिलं.

त्या दिवसापासून गोळ्या चालू आहेत, लिंबू-पाण्याबरोबर, चुकवत नाही. बाबाला सांगा, आता खरं सांगते आहे, आणि रागवायचं असेल तर या रविवारी रागव म्हणावं, मी ऐकून घेईन. पाय शांत आहेत. झोप चांगली लागते. फक्त सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी मी एकदा डावीकडे, मशीनकडे बघते. तिथे काही नसतं. मग उठते आणि चहा ठेवते, एकटीपुरता.