मामांनी नाकारलेला देश

आमच्या मोठ्या मामांइतकी स्थळं नाकारलेला माणूस सबंध लातूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्या नाकारलेल्या स्थळांत एक अख्खा देश आहे. हे वाक्य मी जरा भीत भीतच लिहिते आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि माझं लिहिणं आजवर परीक्षेपुरतंच. पण मामांना ओळखणारा कोणीही याला अतिशयोक्ती म्हणणार नाही. मामा जळकोटजवळच्या एका खेड्यात राहतात. भावकीत, गावात, शेजारच्या गावात कोणाचीही मुलगी लग्नाची झाली की स्थळ पाहायला निघालेल्या जीपमध्ये खिडकीजवळची जागा त्यांची. त्यांना कोणी हौसेनं नेतं असं नाही. पुढं काही बिनसलं तर लोक म्हणतील, ‘मामाला नेलं नव्हतं व्हय?’ या धाकानं नेतात.

बाकीची मंडळी मुलाच्या घरी जाऊन विहिरीत डोकावतात, ट्रॅक्टरच्या चाकावर हात मारतात, गोठ्यातली जनावरं मोजतात. मामा त्या गावात उतरले की आधी घरी जातच नाहीत. दवाखान्यासमोरच्या मेडिकलवर जातात, डोकेदुखीची एक गोळी घेतात, जी त्यांना कधीच लागत नाही, आणि काउंटरला टेकून उभे राहतात. त्या घरातल्या बायकांना औषध न्यायला कोण येतं, नवरा येतो की तिचा भाऊ दुसऱ्या गावाहून येतो, चिठ्ठीवरची सगळी औषधं नेतात की ‘निम्मीच द्या’ म्हणतात, हे सगळं ते अशा गप्पांतून काढून घेतात की मेडिकलवाल्याला आपण साक्ष दिली हे कळतही नाही. मग खांद्यावरचा मोठा रुमाल, म्हणजे दस्ती, झटकून ते मुलाच्या घरी येतात, पोहे खातात, आणि चहाची बशी हातात आली की त्यांचा तो एकच प्रश्न विचारतात: “घरात शेवटी कोन बाई आजारी पडली होती, आन् तिला दवाखान्यात कोनी नेलं?”

या प्रश्नानं भली भली स्थळं आडवी झाली आहेत. कंधारकडच्या एका मोठ्या घरात दारात दोन ट्रॅक्टर होते आणि मुलाचे वडील मिशीला पीळ देऊन म्हणाले, “आमच्या घरात बायका आजारीच पडत न्हाईत, पाव्हनं.” मामांनी बशी खाली ठेवली. “पडत न्हाईत, का पडू देत न्हाईत?” एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. मुलीचा बाप परतीच्या वाटेवर त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. पण लग्न जमलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच बापानं धाकट्या मुलीच्या वेळी जीप आधी मामांच्या दारात आणली.

हे वेड कुठून आलं, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत कोणी नाही. माझी धाकटी मावशी लहानपणापासून दम्याची. लग्नाच्या वेळी आजोबांनी ते झाकलं, जसं आमच्याकडं सगळेच मुलीचं दुखणं झाकतात. पहिल्याच सुगीत, तुरीच्या राशीचा भुसा उडाला आणि मावशीला खळ्यावरच धाप लागली. सासरच्यांनी डॉक्टर बोलावला नाही, जीप बोलावली. आमच्या भागात ही रीतच आहे. बाळंतपण माहेरी, तसं सुनेचं दुखणंही माहेरी. “बरी झाली की न्यायला येतो,” असं सांगून ते गेले, ते गेलेच. मामांना तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलं होतं. जीपचं दार त्यांनी उघडलं होतं. तेव्हापासून मावशी त्यांच्याच घरी आहे. शिलाई मशीन चालवते, दम्याचा पंप ब्लाउजमध्ये खोचून ठेवते, आणि गल्लीत कोणाच्या लग्नाचं बोलणं निघालं की मशीनचा वेग वाढवते.

तिचा तोच दमा माझ्याकडं आला. आई म्हणायची, नाक वडिलांचं आलं आणि श्वास मावशीचा.

लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा परदेशातल्या नोकऱ्यांची गोष्ट निघाली. नांदेडला एका ऑफिसात मुलींना परदेशी पाठवायची व्यवस्था होत होती आणि माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक आखातातला देश, जिथं नवी भाषा शिकायला नको आणि पगार पूर्ण हातात. आणि दुसरा जर्मनी, जिथं आधी वर्षभर भाषा शिकायची, मग जायचं, आणि पगारातून दर महिन्याला आरोग्य विम्याचे पैसे कापून जाणार. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, रेणापूरला वेल्डिंगचं दुकान चालवतात. त्यांचा कौल सरळ होता. “न दुखता पैसे कापतेत, हे कुठलं शानपन?” माझं मन मात्र एकाच ठिकाणी अडकलं होतं. तिथं मला धाप लागली तर? हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. आण्णांनी पंधरा वर्षं ठिणग्यांत डोळे घातले होते ते मला शिकवायला. त्यांच्यापुढं श्वासाची तक्रार कशी करायची?

मामांना मात्र कोणी सांगावं लागलं नाही. एका सकाळी ते दस्ती खांद्यावर टाकून आमच्या दारात उभे. “देशबी स्थळच हाय,” म्हणाले. “चौकशी केल्याबिगर पोरगी देत असतेत व्हय?”

आणि ज्या चिकाटीनं ते मेडिकलवर टेकून उभे राहायचे, त्याच चिकाटीनं त्यांनी दोन देशांची चौकशी केली. आखातातून परत आलेला एक ड्रायव्हर जळकोटला शोधून काढला. जर्मनीत नर्स म्हणून गेलेल्या एका मुलीचा नंबर त्यांनी कंधारच्या कोणाच्या तरी जावेच्या भावाकडून मिळवला आणि त्या बिचारीला, ओळख ना पाळख, पहिलाच प्रश्न टाकला: “माय, तिथं गेल्यापासून आजारी पडली होतीस का?” ती पडली होती, ताप आला होता. डॉक्टरनं गरम चहा पी आणि झोप म्हणून सांगितलं, सुई दिली नाही. हे ऐकून मामा फारच अस्वस्थ झाले. “सुई न्हाई? सलाईन न्हाई? मग बाई बरी कशानं होती?” साध्या दुखण्याला डॉक्टरची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे लागतात, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. मामांचं तोंड आणखी उतरलं. मग ती म्हणाली, घरी झोपून होते तेवढ्या दिवसांचा पगार मात्र मिळाला. मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “पुन्ना सांग, माय.” तिनं पुन्हा सांगितलं. रात्रीच्या जेवणापर्यंत मामा तेच पुटपुटत होते, “निजल्या बाईला पगार.”

कापल्या जाणाऱ्या पैशांचं आण्णांना त्यांनी असं समजावलं: “गावात मयत झाली की घरटी लाकडं काढतेत का न्हाई? आपल्या घरी मढं न्हाई म्हनून तुमी लाकूड देत न्हाई का, दाजी? आन् तिथं तर निम्मं लाकूड नोकरीवाला मालकच देतोय.” आण्णा चिडले. “पोरीच्या कामात मढ्याच्या गोष्टी कशाला, पाव्हनं?” पण त्या दिवसानंतर कापण्याबद्दल ते बोलले नाहीत.

तरीही आखाताचं पारडं जडच होतं, कारण तिकडं लगेच जाता येत होतं. आम्ही तिघं नांदेडच्या त्या ऑफिसात गेलो. टाय लावलेला एक तरुण साहेब फार गोड बोलत होता. आखातातल्या कंपनीचा विमा कसा फुकट, दवाखाना कसा आरशासारखा, हे त्यानं भिंतीवरच्या टीव्हीवर दाखवलं. जुनं दुखणं मात्र त्यात लगेच बसत नाही, म्हणून माझ्या दम्याचं कळल्यावर त्यानं हळूच सुचवलं, “दम्याचं लिहू नका. तेवढा रकाना कोरा सोडायचा. सगळेच सोडतात.” आण्णांनी मान हलवली. मी मामांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते. मग साहेबानं शेवटी राखून ठेवलेली चांगली गोष्ट सांगितली. “आणि काका, आजार मोठा निघाला ना, तर मुलीला मायदेशी परत पाठवायचा सगळा खर्च कंपनीचा. विमानाच्या तिकिटासकट.”

मामा सावकाश उठले.

“म्हंजी माहेरी धाडनार.”

“फुकट, काका,” साहेब म्हणाला.

“आमच्याकडं बी फुकटच असतंय,” मामा म्हणाले. “जीप त्यांचीच असती.”

त्यांनी दस्ती झटकली आणि जिना उतरले. अशा रीतीनं एक अख्खा देश नाकारला गेला. आण्णांनी खाली येऊन पुष्कळ आदळआपट केली, पण मला आठवतं ते एवढंच, की मला त्या क्षणी छातीत मोकळं वाटलं.

वर्षभर मी लातूरला जर्मन शिकले. मामा अधूनमधून येऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसायचे आणि ‘खोकला’, ‘धाप’, ‘पंप’ यांना काय म्हणतात ते विचारायचे. बाकीच्या भाषेत त्यांना रस नव्हता. मग नांदेडच्या त्याच ऑफिसात बसून मोबाईलवर मुलाखत द्यायचा दिवस आला. तिथल्या सरकारी विम्यात जुनं दुखणं विचारतच नाहीत, सगळ्यांना सारखंच घेतात, असं साहेबानं सांगितलं होतं, तर मामांना त्याचाच संशय आला. न विचारता पोरगी करून घेणारं घर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे माझ्या शेजारी बसले. समोर तिथल्या वॉर्डाची मुख्य नर्स, पिकल्या केसांची बाई. बोलणं चांगलं चाललं होतं. तेवढ्यात मामांनी मला कोपर मारलं. “सांग.”

 मी सांगितलं. मला लहानपणापासून दमा आहे, औषध चालू आहे.

बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, रात्रपाळी चालेल का.

“काय म्हनली?” मामा कुजबुजले.

“काही नाही. पुढचं विचारलं.”

परतीच्या एस.टी.त मामा खिडकीशी बसले होते. वाटेत कंधार आलं, चहाला गाडी थांबली, तेही त्यांना कळलं नाही. बऱ्याच वेळानं, बाहेरच बघत, ते म्हणाले, “एवढंच असतंय व्हय?”  माझ्याशी ते बोलत नव्हतेच.

आता मी इथं जर्मनीत आहे. काम करते आणि इथल्या नर्सिंगच्या मान्यतेच्या परीक्षेचा अभ्यासही करते. अजून विद्यार्थिनीच आहे. गेल्या हिवाळ्यात थंडीनं मला फार जोराची धाप लागली. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं अॅम्ब्युलन्स बोलावली, मला दवाखान्यात ठेवलं, मी विम्याचं कार्ड दाखवलं, आणि दिवसाचे थोडे पैसे सोडले तर मला काही द्यावं लागलं नाही. उशाशी मात्र कोणी नव्हतं. डबा घेऊन कोणी आलं नाही, ‘कसं वाटतंय माय’ असं विचारायला भावकी लोटली नाही. त्याचं काय वाटतं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

खोलीवर परत आल्यावर मी मामांना व्हिडिओ कॉल केला. बाजेवर ते आणि मावशी शेजारी शेजारी बसले होते. मामांनी घसा खाकरला आणि मला माहीत होतं काय येणार.

“कोनी नेलं?”

“शेजारणीनं.”

“माहेरी धाडतो म्हनले का?”

“नाही, मामा. बरी हो आणि कामावर ये म्हणाले.”

 मावशीनं पदर सारखा केला आणि फोन मामांच्या हातून घेतला. मग म्हणाली, “पंचमीला येतीस का? झोका बांधू.” मागून मामांचा आवाज आला, “यावंच लागतंय. धडधाकट असताना यायचं, त्याला माहेर म्हनतेत. आजारी पडल्यावर तर कोनीबी धाडतंय.”

काल मी श्रावणातली रजा मागायला मुख्य नर्सबाईंकडं गेले. एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, “घरी कोणी आजारी आहे का?”

मी म्हटलं, “नाही. कोणीच आजारी नाही. म्हणूनच जायचं आहे.”