लाल शाईच्या सदतीस डीव्हीडी

मेलेल्या माणसाला खोकताना तुम्ही कधी ऐकलंय?

मी ऐकलंय. दोन खोल्यांच्या एका घरात, स्टुलावर बसून, हातात चहाचा कप घेऊन. माणूस जाऊन चार वर्षं झाली होती आणि तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर सांगत होता की तिसऱ्या भट्टीवर तोंडाला बांधायला साधं फडकंसुद्धा कधी मिळालं नाही. मध्येच त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्याने ओशाळून विचारलं, "पुन्हा पहिल्यापासून सांगू का?" कॅमेऱ्यामागून आवाज आला, "नको. खोकला राहू दे. तोही साक्षीदारच आहे."

तो मागचा आवाज लाल शाईचा.

हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नाही. भट्टीच्या विटा बनवणारा आमच्याकडचा कारखाना चालू होता तेव्हा हा माणूस एकतीस वर्षं गेटवर टाइमकीपर होता. आठाचा भोंगा वाजून एक मिनिट झालं की कार्डावर लाल शाईची रेघ. बायको बाळंतीण असो, सायकल पंक्चर असो, रेघ म्हणजे रेघ. माझ्या वडिलांच्या कार्डावर त्या रेघांची जाळी होती. वडील वारले तेव्हा त्यांच्या छातीत काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण त्यांच्या किती रेघा होत्या ते मला अजून पाठ आहे.

त्यामुळे कारखाना बंद पडल्यावर, लोक एकामागून एक धापा टाकायला लागल्यावर, हा माणूस आमच्या संघटनेच्या सभेत येऊन मागच्या बाकावर बसला तेव्हा मी त्याला उठवलं. भर सभेत. म्हटलं, "इथे उशिरा येणाऱ्यांना जागा नाही." लोक हसले. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. पुढच्या सभेला पुन्हा आला, या वेळी गळ्यात व्हिडिओ कॅमेरा. म्हणाला, "ताई, कोण किती वर्षं आत होतं, कुठल्या भट्टीवर होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. लोकांना फक्त मला दारातून आत येऊ द्यायला सांगा."

मग नऊ वर्षं तो दारोदार फिरला. ज्यांच्या कार्डावर रेघा मारल्या त्यांच्याच घरी, त्यांच्याच खाटेशी बसून त्याने सदतीस जणांचं बोलणं उतरवून घेतलं. काहींनी आधी शिव्या दिल्या. त्याने त्याही उतरवून घेतल्या. मधेच केव्हातरी मी त्याला काका म्हणायला लागले. कधीपासून ते विचाराल तर सांगता येणार नाही, तोंडातून निघून गेलं.

काकांची कामाची पद्धत मात्र गेटवरचीच. माणशी एक कार्ड, तशी माणशी एक डीव्हीडी. कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर घ्यायचं, डीव्हीडीवर लिहायचं, कॉम्प्युटरवरचं पुसायचं, कॅमेऱ्याची टेप पुन्हा वापरायची. मी एकदा म्हटलं, "काका, दुसरी कॉपी काढा ना." ते असे बघायला लागले जणू मी कुणाच्या खिशात हात घातला. "डुप्लिकेट कार्ड म्हणजे चोरी. डुप्लिकेट सापडलं की मी माणसाला घरी पाठवलाय."

आणि दुसरा नियम असा की कार्ड बंद करायचं नाही. डीव्हीडीवर लिहून झालं की कॉम्प्युटर विचारायचा, बंद करायची का? काका दर वेळी "नाही" दाबायचे. बंद केली की पुढे त्यात भर घालता येत नाही, उघडी ठेवली की पुढच्या भेटीतलं त्यावरच चढवता येतं. माणूस गेला तरीही ते बंद करत नसत. "आपल्या तक्रारीचा निकाल लागलाय का? नाही ना? मग त्याची ड्युटी संपलेली नाही." मला हे ऐकून बरं वाटायचं. एका सभेत मी हे वाक्य टाळ्या घेऊन वापरलंसुद्धा.

यंदा, इतक्या वर्षांनी, भट्टीवर छाती गेल्याच्या आमच्या तक्रारीवर चौकशी अधिकारी नेमला गेला. त्याचा कागद आला, साक्षींच्या डीव्हीडी तीन आठवड्यांत दाखल करा, कार्यालयाच्या मशीनवर चालल्या पाहिजेत. सदतीसपैकी एकोणतीस माणसं तोवर गेलेली. त्यांच्यासाठी दुसरा पुरावा नाही. कारखान्याने हजेरीची कार्डं केव्हाच जाळली होती.

काकांनी पहिली डीव्हीडी तपासायला घेतली आणि कॉम्प्युटरमधल्या डीव्हीडी रायटरचा ट्रे उघडेना. बटण दाबलं की आतून घर्र आवाज, मग टक, मग शांत. दोन दिवस बटण दाबून झालं. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकतीस वर्षं लोकांना आत-बाहेर केलं, आणि आता घरातलं एवढंसं दार उघडेना."

तर रायटर गेला असं ठरलं. नवा घ्यायचा.

काकांनी कॉम्प्युटरचा पत्रा काढला, जुना रायटर बाहेर ओढला, पट्टीने मोजला आणि मागच्या बाजूचं चित्र वहीत काढलं. कुठे कुठली पिन, कुठे रुंद चपटी केबल. वही घेऊन आम्ही दोघं बाजारात. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण दुकानदाराला बोलायचं कसं ते कळतं.

पहिला दुकानदार मोबाइलमधून मानही न काढता म्हणाला, "काका, आता डीव्हीडी कोण वापरतं?"

"मेलेले वापरतात," काका म्हणाले.

त्याला विनोद वाटला. हसून त्याने एक पातळ डबी पुढे केली, बाहेरून वायरने जोडायची. काकांनी ती उलटीपालटी केली. "आत असतो तो कामगार. बाहेर लोंबतो तो पाहुणा. पाहुण्याच्या भरवशावर हजेरी चालत नाही."

"म्हणजे नको?"

"नको म्हणतायत ते," मी म्हटलं. "मान वर केली असती तर तोंडावरूनच कळलं असतं."

दुसऱ्याकडे आत बसणारा होता, पण लॅपटॉपचा. आमच्या खिडकीएवढ्या खाचेत तो म्हणजे दाराच्या चौकटीत वही उभी करण्यासारखं. तिसऱ्या दुकानात खरा मिळाला. पूर्ण मापाचा, नव्या खोक्यातला, शेवटचे दोनच उरलेले. काकांनी वही उघडली आणि उलटतपासणी सुरू केली. डीव्हीडीवर अधिकची खूण असते तीही वाचतो का, उण्याची असते तीही वाचतो का? किती वेगाने लिहितो? ह्याची केबल बारीक दिसते, आमची रुंद आहे, मग? दुकानदार वयस्कर, धीराचा. तो म्हणाला, बोर्डावर बारीक केबलच्या किती जागा आहेत बघा. काकांच्या वहीत तेही होतं. दोन जागा, एकीत हार्ड डिस्क, एक रिकामी. "मग बसतो. फक्त पॉवरसाठी जोडवायर घ्यावी लागेल."

इथे माझं डोकं चाललं. माझ्या पिशवीत जुना रायटर होता, माप दाखवायला आणलेला. म्हटलं, "हा तुम्ही ठेवा आणि जोडवायर फुकट द्या."

"ताई, ह्या मेलेल्याचं मी काय करू?"

"भंगारवाल्याला घाला. आमच्या घरी तरी ह्याची कुठे पूजा मांडायची आहे?"

काका काहीतरी म्हणणार होते. मी त्यांना बोलू दिलं नाही. व्यवहार करताना मधे बोललेलं मला खपत नाही. दुकानदाराने खांदे उडवले, जुना रायटर काउंटरखालच्या पोत्यात टाकला आणि जोडवायर दिली. घरी येईपर्यंत मी त्या वायरीवरच खूश होते.

नवा रायटर खाचेत असा बसला की जणू तिथलाच. काकांनी वाटीतले चार स्क्रू एकेक करून पिळले. तेवढ्यात बॉयलरवाल्याची बायको आली. ती दर महिन्याच्या एक तारखेला यायची. नवऱ्याची डीव्हीडी लावून घ्यायची, स्टुलावर बसायची, अकरा मिनिटं बघायची आणि जायची. काका म्हणाले, "वहिनी, मुहूर्त तुमच्याच हातून." त्यांनी बॉयलरवाल्याची डीव्हीडी ट्रेवर ठेवली. ट्रे लोण्यासारखा आत गेला. दिवा लुकलुकला. मग पडद्यावर एक चौकोन आला.

डीव्हीडी रिकामी आहे. काय लिहायचं आहे?

काकांनी काढून फडक्याने पुसली, पुन्हा घातली. रिकामी. दुसरी घातली. रिकामी. दहाव्या-बाराव्यानंतर ते बाजूला सरकले, तेव्हा मी घालायला लागले. सदतीसच्या सदतीस. प्रत्येक वेळी तोच चौकोन, त्याच शहाण्या सुरात, काय लिहायचं आहे. काकू मागून म्हणाल्या, "नाही म्हण त्याला. कशालाही हो म्हणू नकोस." बॉयलरवाल्याची बायको शेवटपर्यंत स्टुलावर बसून होती. उठताना तिने विचारलं, "पुढच्या एक तारखेला येऊ?"

सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही पायरीवर हजर. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "बंद नाही केल्या? एकही? अहो, उघडी ठेवलेली डीव्हीडी बहुतेक वेळा ज्याने लिहिली तोच वाचतो. बाकीच्यांना ती कोरी दिसते. त्या जुन्यावरच आधी बंद करून घ्यायच्या होत्या."

"मग द्या तो जुना."

"पोतं काल संध्याकाळीच गेलं."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आजूबाजूची दोन दुकानं बघायला बाहेर आली. दुकानदार शांत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "ताई, मी नको म्हणत होतो. तुम्हीच भंगारात घाला म्हणालात." काकांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतलं. मला दंड धरलेला चालत नाही. त्या दिवशी चालला.

भंगाराच्या वखारीत रायटरचा ढीग होता, पण तोंडं वेगळी, पत्रे वेगळे, आतल्या हिरव्या पाट्या वेगळ्या. सकाळीच फोडून झालेलं. काका ढिगाशी उकिडवे बसून पाऊण तास एकेक पत्रा वहीशी ताडून बघत होते. फोडणारा माणूस बोलका. त्याने विचारलं, "काय झालं होतं त्याला?"

"ट्रे उघडत नव्हता. घर्र, मग टक."

"एवढंच? आत एक रबराचा पट्टा असतो, बांगडीहून लहान. तो सैल पडतो. बदलला की परत चालतो. आणि पुढे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घातली की ट्रे तसाही बाहेर येतो." त्याने एक सुटं तोंड उचलून भोक दाखवलं. "अख्खा फेकतात लोक. आमचं बरं चालतं त्यावर."

काकांनी त्या भोकाकडे बराच वेळ बघितलं.

मुदत संपायच्या दिवशी आम्ही सदतीस डीव्हीडी घेऊन कार्यालयात गेलो. मी म्हटलं होतं, नेऊ या तरी, कदाचित त्यांचं मशीन वाचेल. अधिकाऱ्याच्या कारकुनाने तीन लावल्या, तिन्ही कोऱ्या. चौथी लावलीच नाही. काका उभे राहिले, सदतीस नावं, भट्टीचे नंबर, आत किती वर्षं, सगळं तोंडपाठ सांगायला लागले. अकराव्या नावावर अधिकारी म्हणाला, "हे तुम्ही सांगताय. त्यांनी काय सांगितलं ते कुठे आहे?" कागदावर ओळ पडली, पुरावा दाखल झाला नाही. माणूस वाईट नव्हता. पाणी विचारलं त्याने.

बाहेर पायरीवर काका म्हणाले, "मी सगळ्यांना पुन्हा गैरहजर केलं."

मी म्हणायला हवं होतं की तुम्ही नाही, मी. जोडवायरीसाठी मी. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. सभेत माणसाला उठवताना जीभ कशी सरळ चालते आणि इथे टाळ्याला चिकटते. आज लिहितेय.

त्यानंतर काका कॅमेरा घेऊन उरलेल्या आठ जणांकडे पुन्हा गेले. चौघांना आता वाक्य पुरं करता येत नाही. एकाच्या सुनेने दार उघडून सांगितलं, ते झोपलेत, नको आता. तिघांनी पुन्हा सांगितलं, पण जुनं तपशिलाने सांगितलेलं विसरले, तारखा चुकल्या. त्या तीन डीव्हीडी काकांनी बंद केल्या, दोन-दोन कॉपी काढल्या. बाकी सदतीस ट्रंकेत उभ्या आहेत. दुकानदार म्हणतो, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा रायटर मिळाला तर कदाचित वाचेल. कदाचित, असं तो दोनदा म्हणाला. आणि डीव्हीडीसुद्धा आपोआप विरत जातात, ही गोष्ट त्याने काका ऐकत नसताना मला सांगितली. काका आता फारसे बाहेर पडत नाहीत. एक तारखेला काकू दाराला आतून कडी घालतात.

आम्ही पुनर्विचाराचा अर्ज दिलाय. त्याचं काय होणार ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.

तरी मागते. तुमच्या माळ्यावर, खाटेखाली, गोदामात जुना कॉम्प्युटर पडला असेल तर त्याचा पत्रा काढून बघा. पांढरट तोंडाचा, पूर्ण मापाचा, मागे रुंद चपट्या केबलची खाच असलेला डीव्हीडी रायटर असेल, तर तो भंगारात घालू नका. ट्रे उघडत नसला तरी घालू नका. संघटनेच्या कार्यालयात आणून द्या, आणि ह्या महिन्यात आणून द्या.