माठावरच्या कोनाड्यातलं तेल

निलगिरीच्या तेलाची बाटली मी कपाटात कुलपात ठेवते. सून हसते. तिच्या उशाशी लव्हेंडर, टी ट्री असल्या वासाच्या तेलांच्या छोट्या बाटल्यांची रांग असते. त्यातलीच एक परवा दात घासायच्या ब्रशांशेजारी पेल्यात उभी दिसली. मी ती उचलून कपाटात टाकली. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं ती माझ्या मुलाला म्हणाली असेल. म्हणू दे. जे वासाला चांगलं ते पोटालाही चांगलं, असा या मुलींचा समज आहे आणि मला त्या समजाची भीती वाटते.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत नवऱ्याला कारकुनाची नोकरी लागली म्हणून आम्ही देगलूरहून तिथं आलो. आम्ही दोघं, तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. रस्तोरस्ती नव्या पाट्या लागत होत्या, पण जिल्हा झाल्याचं नळाला कुणी कळवलं नव्हतं. पाऊस दडी मारून बसलेला. टँकर आला तर आला, आणि आला की गल्लीत भांड्याला भांडं लागायचं.

आत्याबाईंचे गुडघे धरलेले. निलगिरीचं तेल चोळल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. अंथरुणाला, लुगड्याला, भाकरीलासुद्धा तोच वास. हळूहळू आमच्या नाकाला तो कळेनासाच झाला. तेलाची बाटली काचेची, बुचाची. उन्हानं बूच सैल झालं आणि तेल उडून जायला लागलं. आत्याबाईंना काही वाया गेलेलं खपायचं नाही. त्यांनी ते तेल घट्ट टोपणाच्या एका रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतलं. ती बाटली होती पाण्यात टाकायच्या औषधाची. टँकरचं पाणी गढूळ म्हणून दवाखान्याच्या बाई घरोघर वाटायच्या, ती. वरची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आणि ठेवली कुठं, तर औषधाच्या नेहमीच्या जागी, माठावरच्या कोनाड्यात.

एका सकाळी टँकर आला. कसाबसा माठ भरला, बाकी भांडी कोरडीच राहिली. नवरा कचेरीच्या घाईत. कोनाड्यातली बाटली भरलेली दिसली, त्याला वाटलं बाई नवी देऊन गेल्या. पाणी फारच मातकट होतं म्हणून थेंबांवर न भागवता त्यानं टोपणभर ओतलं आणि माठावर झाकण ठेवून निघून गेला.

तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर तरंगत राहतं आणि पहिला पेला घेणाऱ्याच्या वाट्याला येतं. हे आम्हाला दुपारी कळलं.

मुलगी उन्हातून खेळून आली, पाणी पाणी करत. मी मागच्या दारी राखेनं भांडी घासत होते. आत्याबाईंनी माठात पेला बुडवून तिच्या तोंडाला लावला. तहानलेलं लेकरू, घटाघटा प्यायलं आणि ठसकलं. खोकला थांबेना. मी धावत आले तेव्हा ती ओठ चोळत रडत होती, जळतंय म्हणत होती. मी पेल्यात बोट घातलं. बोट तेलकट झालं.

आत्याबाई कोनाड्याकडं बघत होत्या. त्यांना समजलं होतं.

"मिठाचं पाणी पाज तिला," त्या म्हणाल्या. "ओकू दे समदं."

"पाणी कुठं हाय, आत्याबाई?"

घरात तेवढा एकच माठ होता. त्या तांब्या घेऊन शेजारी गेल्या आणि रिकामाच घेऊन परत आल्या. शेजारीण विहिरीच्या रांगेत गेलेली, दाराला कडी. एवढ्यात मुलीचं रडणं थांबलं. ते थांबलं तेव्हा मी खरी घाबरले. तिला उभी केली तर पाय लटपटत होते, डोळे मिटत होते. राखेच्या हातांनी तिला उचलून मी तशीच रस्त्याला लागले. आत्याबाई गुडघे विसरून मागं.

रिक्षात मी तिला हाका मारत होते. हाक मारली की डोळे उघडायची, दर वेळी थोडे कमी. रस्ता, ऊन, माणसं, मला काही आठवत नाही. या खेपेला उघडेल का, एवढंच.

दवाखान्यात तेलाचं ऐकताच डॉक्टरांनी आधी विचारलं, "उलटी करवली का?"

"न्हाई. पाणीच नव्हतं."

"बरं झालं. असलं तेल ओकताना छातीत उतरतं. मग आमच्या हातात फार राहत नाही."

दुष्काळाचे आभार मानावेत की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिला कुशीवर निजवलं. नर्स तिच्या श्वासावर नजर ठेवून बसली. आत्याबाई फरशीवर बसल्या. मला भीती एवढी होती की त्यांच्यावरच्या रागाला जागाच उरली नव्हती.

उन्हं उतरल्यावर मुलीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. घोट घोट द्या, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातल्या आयानं पेला आणून दिला. मी तो घेतला आणि माझा हात पुढं जाईना. पाणी नितळ होतं, दिसत होतं, तरी जाईना. आत्याबाई उठल्या, माझ्या हातातून पेला घेतला आणि आधी स्वतः प्यायल्या. मग तो धरून तशाच उभ्या राहिल्या. मुलगी हात पुढं करून रडायला लागली, "आजी, दे की." त्या हलल्या नाहीत. आपल्याला काही होतंय का, याची वाट बघत होत्या.