बहिणीच्या डोक्यातलं भांडण

कच्चा कांदा फोडला की त्याच्या वासानं आमच्या चिंताकी गावातली ती सकाळ आठवते. भाकरी खाताखाता माझी धाकटी बहीण ताठ झाली, तिचे हातपाय झटके देऊ लागले, आणि शेजारच्या काकूंनी फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरला. अप्पांनी आणि मी तिला बीदरला नेलं. डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोतला पांढरा ठिपका दाखवला. न धुतलेल्या भाजीतून जंताची अंडी पोटात गेली असतील, त्यातला एक किडा मेंदूत पोचलाय, म्हणाले. “किडा मरायलाय. पण अंग त्याच्याशी लढायलंय, म्हणून मेंदूला सूज आलीय. झटके त्या सुजेचे.” बहिणीनं विचारलं, “मरायलाय तर कामून लढायलंय?” डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. परतीच्या बसमध्ये तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. “अक्का, कान लावून बघ गं, आत भांडायचा आवाज यायलाय का?” मी तिच्या केसांवर कान टेकवला. इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही, तरी “न्हाई” म्हणून मी कान तसाच टेकवून ठेवला. गोळ्यांनी सूज उतरली, झटके पुन्हा आले नाहीत. आता ती गुलबर्ग्याला शिकते, आणि तिला त्यातलं काही आठवत नाही. परवा फोनवर हसताहसता ती एकदम गप्प झाली. तिनं परत फोन लावून “अक्का, रेंज गेलती गं,” म्हणेपर्यंत मी भिंतीला धरून उभी होते.