उजवं इंजिन

समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. सारंगखेड्याला तापी अडवली आहे, तेवढंच माझं मोठं पाणी. तरी पाणबुडी या विषयात माझा अधिकार मोठा आहे. कॉम्प्युटरवरच्या पाणबुडीत, अर्थात. केळीला पाणी सोडायचं आणि खुर्चीत येऊन शत्रूची जहाजं बुडवायची, हा माझा दिनक्रम. जहाजं बुडवण्याच्या नादात केळीची बागही मी अनेकदा बुडवली आहे.

बहुतेक गेममध्ये पाणबुडीच्या दोन्ही इंजिनांना मिळून एकच दांडा असतो. पुढे म्हटलं की दोन्ही पुढे. मला ते कधी पटलं नाही. दोन्ही इंजिनं वेगवेगळी चालवता आली, तर एक पुढे आणि एक मागे फिरवून अरुंद बंदरातही बोट जागच्या जागी वळवता येते. एक इंजिन बोट ओढत असतं तेव्हा दुसरं बॅटरी भरत बसतं. आणि एक कायमचं गेलंच, तर सुकाणू एका बाजूला दाबून धरायचं आणि उरलेल्या इंजिनावर, हळूहळू का होईना, सरळ घरी यायचं. एवढ्यासाठी मी इंटरनेटवर अनोळखी लोकांशी भाऊबंदांसारखा भांडलो. शेवटी तसा एक गेम मिळाला तेव्हा घरात पेढे वाटले. बायकोने पेढा घेतला, कारण विचारलं नाही.

माझा दोस्त शहाद्याला मोटरी भरायचा. म्हणजे जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचा. आमची दोस्ती माझ्या मूर्खपणावर उभी होती. विहीर आटली तरी मी मोटर चालू ठेवायचो, ऑटो स्विच लावून लग्नाला निघून जायचो. मोटर घेऊन दुकानात गेलो की तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "हाऊ शे म्हनीसन मन्हं दुकान शे." हा आहे म्हणून माझं दुकान आहे, असं.

मग त्याला लकवा झाला. बोलणं लवकर आलं, पायही आला, उजवा हात आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले काही महिनेच कामाचे. रबरी चेंडू दाबत राहा, जेवढा येईल तेवढा हात या दिवसांतच येईल. चेंडूचा त्याला दोन दिवसांत वीट आला. वहिनी माझ्याजवळ रडल्या. तेव्हा माझ्या डोक्यातून ही शक्कल निघाली: त्याला माझ्या गेमवर बसवायचं. डावं इंजिन डाव्या हाताच्या बटणावर, उजवं उजव्याच्या. बोट बंदराबाहेर काढायची असेल तर हात हलवावाच लागेल. इतकी वर्षं भांडलो ते सत्कारणी लागलं, असं वाटलं.

पहिल्या दिवशी त्याचं डावं बोट चाललं, उजवं बटणावर नुसतं पडून राहिलं. पाणबुडी उजवीकडे गोल गोल फिरून धक्क्यावर आपटली. तो उठला आणि चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा कीबोर्ड जोडला, बिनवायरचा. त्याच्या मागे बसलो, मांडीवर टॉवेल, टॉवेलखाली कीबोर्ड. त्याचं उजवं बोट बटणावर टेकलं की मी माझं बटण दाबायचो. बोट सरळ बंदराबाहेर गेली. तो स्क्रीनकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "चालना रे. मन्हा हात चालना." हात चालला, असं त्याला खरंच वाटलं.

एकदाच करायचं, त्याला हुरूप येऊ द्यायचा, असं ठरवलं होतं. पण तो रोज येऊ लागला. मोहल्ल्यात सांगू लागला. वहिनींनी शिरखुर्मा पाठवला, सण नसताना, आणि मी तो दोन वाट्या खाल्ला. चेंडू त्याने सोडून दिला. आता इंजिन चालतंय, चेंडू कशाला, असं म्हणाला. मला तेव्हा बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी टॉवेल सारखा केला. डॉक्टरांनी सांगितलेले ते महिने असे माझ्या मांडीवर गेले.

एके दिवशी त्याने दुकान उघडलं. पहिलं काम म्हणून माझीच मोटर मागितली, जळकी होतीच. चार ओळखीचे जमले. त्याने डाव्या हाताने तार धरली, उजवा हात मोटरीतल्या खाचेपाशी नेऊन ठेवला आणि वाट बघत बसला. बोटं हलली नाहीत. तार निसटली, भेंडोळं खाली पडून सुटलं. लोक एकेक करून उठले. मी भेंडोळं उचलू लागलो तर म्हणाला, राहू दे.

संध्याकाळी तो माझ्या घरी आला. चहा आला. त्याने डाव्या हाताने माझी बशी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दोन्ही हाते धर." मी धरली. टॉवेल खुर्चीवरच होता. त्याने गेम चालू केला. डावं इंजिन पुढे, उजवं बोट बटणावर टेकलेलं. बोट उजवीकडे वळली, वळतच राहिली. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता.

सुकाणू दाबून धर, एका इंजिनावरही सरळ जाते, हे सांगायला माझं तोंड उघडलं. पहिल्याच दिवशी सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती मला पाठ होती. आता काय सांगणार? 

दारात चप्पल घालताना तो म्हणाला, "तुन्ही मोटर दुसराकडे लई जाय."

मी ती दुसऱ्याकडे घेऊन गेलेलो नाही. त्याच्या दुकानाचं शटर तेव्हापासून खाली आहे, आत माझी मोटर अर्धवट उघडी पडली आहे. शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइप ओढून जेवढ्या ओळी भिजतात तेवढ्या भिजवतो. बाकीची केळी करपली. बायको म्हणते, जाऊन मोटर तरी आणा. वहिनी परवा बाजारात दिसल्या. त्यांनी नुसतं सांगितलं, आता चेंडू दाबतात दिवसभर. डॉक्टर म्हणाले, दाबू द्या, त्रास तर काही नाही.