आमच्या घरात कॉइल लागत नाही

माझ्या बापाने अळ्यांसाठी मला मलेरिया होऊ दिला.

हे मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं.
आज पप्पांना जाऊन वर्ष झालं.

पप्पा परळच्या एका लॅबमध्ये लष्करी अळ्या पाळायचे. अमेरिकेतून आलेली कीड, मक्याचं उभं पीक खाते.
लॅबमधल्या नर पतंगांत एक जीन टाकलेला. प्लॅन असा, की ते शेतात सोडायचे, बाहेरच्या माद्यांशी त्यांचं जमलं की होणारे मुलगे जगतात, मुली अळी असतानाच मरतात. पुढे अंडी घालायला कोणी नाही. लॅबमध्ये मात्र खाण्यात एक औषध घालतात, म्हणून तिथे मुली जगतात. फवारणी पण नको.

"म्हणजे मुलीच मारायच्या? भारी आहे तुमचं सायन्स."
"मी फक्त वाढवतो गं. मारायचं डिपार्टमेंट वेगळं."

दहावी पास माणूस. कोष हातात घेऊन नर की मादी ते सांगायचे. सायंटिस्ट लोक मायक्रोस्कोप लावायचे, मग म्हणायचे, बरोबर.

भायखळ्याच्या आमच्या चाळीत डास म्हणजे घरचेच. पण कॉइल नाही, स्प्रे नाही. पप्पांच्या कपड्यांना त्यातलं काही लागून गेलं तर लॅबमधल्या अळ्या मरतील.

आई वैतागायची. "अळ्या सांभाळा तुम्ही. पोरीला डास खाऊ देत."
"मच्छरदाणी आहे ना."

मच्छरदाणीला भोकं होती.
मी एफवायला होते. तापाने फणफणलेली. पप्पा उशाशी बसून भोकं शिवत होते. कोष निवडतात तसे, डोळे बारीक करून.

तरी मी माफ नाही केलं.

त्यांना एकच बघायचं होतं. आपले पतंग शेतात उडताना.
सरकारची परमिशन येईना. "या वर्षी नक्की," असं दर वर्षी म्हणायचे.
रिटायरमेंटला दोन वर्षं असताना हार्ट अटॅक.

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. डास चावत होते म्हणून शेजारच्या काकूंनी दारात कॉइल लावली.
आई दुपारपासून पप्पांच्या पायाशी बसलेली.
ती उठली. कॉइल पाण्यात बुडवली.

"नका लावू ओ. त्यांना सकाळी अळ्यांना खायला घालायचंय."



आज लॅबच्या मॅडमचा मेसेज आला. परमिशन अजून नाही. पण पप्पांनी वाढवलेल्या पतंगांचा वंश चालू आहे. दर महिन्याला नवी पिढी.

पप्पा, मलेरियाचं माफ केलं. सांगायला उशीर झाला.
मच्छरदाणी आता मी शिवते.

जय भीम, पप्पा.