ओलांडलेली रांगोळी

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही.

नात डॉक्टरकी शिकतेय. कॉलेजात त्यांना चित्रं दाखवतात आणि बजावतात, रोगाचं नाव नंतर, आधी काय दिसतंय ते सांगा. सकाळी ती वर्तकनगरला आमच्याकडे आली आणि दारातल्या रांगोळीपाशी थबकलीच.

"आजी, तुझी रांगोळी लहान झालीय गं. रेघही थरथरतेय."

"अगं, या खेपेची रांगोळीच भरड आहे मेली!" आमची ही म्हणाली.

नात हसली नाही. आजीचा हात हातात घेऊन बघत राहिली. ही थरथर रांगोळीची नाही, हाताची आहे म्हणाली; उद्या हिला डॉक्टरकडे न्यायचंय.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुसली जाऊ नये म्हणून ती रांगोळी मी रोज जपून ओलांडतो, पण पाहिली कधी?

तुम्ही आज घरात शिरताना उंबऱ्यापाशी जरा थांबाल ना?